पलंगाखालची माती

सिएना, १२ ऑगस्ट १९५४

प्रिय इल्दा,

जिना उतरताना तू मागे वळून बघितलं नाहीस, ते एक बरं केलंस. बघितलं असतंस तर मी तुझी पेटी ओढून घेतली असती आणि तुझ्या भावाने जिन्यातच माझी हाडं सैल केली असती. नेल्लोने पेटी खांद्यावर टाकली आणि जाताना मला म्हणाला, "मेव्हणे, चार दिवस दाराला कडी लावून झोपा." मी हसलो, तोही हसला. खाटकाच्या दुकानात काम करणारा माणूस हसला की मला आधी त्याचे हात दिसतात.

गेली तीन वर्षं मला या जाण्याचं काही वाटलं नव्हतं. आळ्यांच्या घोडशर्यतीच्या दिवसांत कोल्हे आळीचा नवरा आणि बगळे आळीची बायको एका छपराखाली राहत नाहीत, तू माहेरी जातेस, शर्यत झाली की परत येतेस, मग आठवडाभर आपण एकमेकांना टोमणे मारतो आणि संसार पुढे सुरू होतो. पण यंदा तू एकटी गेली नाहीस. ज्या आळीच्या जमिनीवर माणूस पहिला श्वास घेतो, मरेपर्यंत तो त्या आळीचा. आपलं पोर तुझ्या आईच्या घरात जन्मलं तर माझ्याच टेबलावर बसून माझाच पाव खाणारा बगळा मला वाढवावा लागेल. माझ्या बापाला थडग्यात झोप लागायची नाही.

सुईण महिनाअखेर म्हणाली आहे. तिच्या तोंडात साखर पडो. सतरा तारखेला सकाळी तू इथे हवीस, एवढंच मागतो.

माझं म्हणशील तर परवा स्वित्झर्लंडची एक मंडळी येते आहे. दिवसभर पायी शहर दाखवायचं आहे. कामाच्या दिवशी मी गळ्यातला आळीचा रुमाल घरीच ठेवतो, तुला माहीत आहे. वाटाड्या कुणाच्याच आळीचा नसतो, एवढं अजून दोन्हीकडचे लोक पाळतात.

हे पत्र पाववाली झेलिंदा आणून देईल. तिच्या आळीला शत्रूच नाही, म्हणून तिला कुठेही जाता येतं. म्हणूनच तिच्या आळीला कुणी विचारत नाही.

तुझा,
ओरेस्ते

*

१३ ऑगस्ट

ओरेस्ते,

साखरेचं राहू दे. सुईण आज सकाळी इथे येऊन गेली. पोट खाली उतरलंय म्हणाली, महिनाअखेर विसरा, हा आठवडा निघाला तरी पुष्कळ. आईने ते ऐकलं आणि खिडकीतून समोरच्या बाईला ओरडून सांगितलं. आता गल्लीतून जाणारा प्रत्येक जण वर बघून विचारतो, आमचा बगळा आला का? नेल्लोने पाळण्याला पांढरा-निळा रुमाल बांधून ठेवलाय.

मी घरी परत जाते म्हणून बघितलं. नेल्लो जेवत होता. सुरी खाली न ठेवता म्हणाला, "तू दाराबाहेर पाय टाकलास तर मी तुला उचलून आणीन, आणि वाटेत जो कोल्हा भेटेल त्याला तिथेच आडवा करीन." तो माझ्यावर जीव टाकतो, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. काल आळ्यांना शर्यतीचे घोडे वाटून द्यायच्या आधीच त्याने तुमच्या आळीतल्या एका तांबटाचा कान फाडला. का, तर तो हळू चालत होता.

तेव्हा मी एक विचार केलाय. तुझे काका फ्लॉरेन्सच्या इस्पितळात जन्मले, तेव्हा तुमच्या लोकांनी पलंगाखाली तुमच्या आळीची माती नेऊन ठेवली होती, हे तूच मला सांगितलंस. त्यांना आजवर कुणी परकं म्हटलं नाही. मग तीच माती माझ्या पलंगाखाली का नको? छप्पर बगळ्यांचं, माती कोल्ह्यांची. आई म्हणेल आमचा, तुझे लोक म्हणतील आमचा, आणि खरं काय ते तुला नि मला माहीत असेल.

उद्या दुपारी तुझ्या पाहुण्यांना घेऊन आमच्या गल्लीतून जा. मी खिडकीतून पावाची टोपली दोरीने खाली सोडेन. तू त्यात पिशवी ठेव आणि पाहुण्यांना काहीतरी दाखवत पुढे जा. नेल्लो त्या वेळी दुकानात असतो.

कुणी काही बोललं तरी भांडू नकोस. शपथ घे म्हणत नाही, तुझ्या शपथा मला ठाऊक आहेत. पण भांडू नकोस.

इल्दा

*

१४ ऑगस्ट, संध्याकाळ

प्रिय इल्दा,

तू खिडकीत होतीस तोवरचं तू पाहिलंस. आईने तुला आत ओढलं, त्यापुढचं तुला वाकडंतिकडं कळायच्या आत मीच सांगतो.

सकाळी उजाडताच आमच्या आळीच्या कारंज्यामागे तुतीच्या झाडाखाली खणलं. माझ्या आईच्या उशीच्या अभ्र्यात माती भरली, वरून कारंज्याच्या कडेची पडलेली वीट फोडून तिचे तुकडे टाकले. नुसती माती काय, कुठलीही असते. विटेवरून मात्र आमचा कुणीही म्हातारा डोळे मिटून आळी ओळखेल. अभ्रा गच्च बांधून झोळीत घातला आणि निघालो.

पाहुणे अकरा होते. त्यात ल्युसर्नची एक मास्तरीण, एगलीबाई, आपली भाषा आपल्यापेक्षा नीट बोलणारी. वरच्या देवळाच्या कठड्यावरून त्यांना सगळं शहर दाखवलं, समोरच्या टेकडीवरचं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं मोठं देऊळ, मधे उतरत गेलेली छपरं. मग खाली उतरवलं, पुन्हा वर चढवलं. लोक धापा टाकायला लागले की मी थांबतो आणि रक्ताची गोष्ट सांगतो. ज्या गल्लीत कुणी कुणाला मारलं नाही, तिथे पाहुणा फोटो काढत नाही, हे मी बारा वर्षांत शिकलोय. या दारात दोन भावांनी एकमेकांना भोसकलं, या बुरुजावरून कैदी खाली ढकलले, इथे वेढ्यात लोकांनी उंदीर खाल्ले. एगलीबाईंनी विचारलं, "आणि आता?" मी म्हटलं, "आता आम्ही फक्त घोडे पळवतो, बाई."

चौकात शर्यतीसाठी माती अंथरली आहे ती त्यांनी चिमटीत घेऊन पाहिली. जेवणं झाली. उन्हाची तिरीप चुकवत मी त्यांना तुमच्या गल्लीत घेऊन आलो. तुमचे झेंडे, तुमचे दिवे, तुमची पोरं पायरीवर बसलेली. कुणी काही बोललं नाही. वाटाड्याचा मान ठेवला. तू टोपली सोडलीस. मी एका हाताने पाहुण्यांना समोरच्या भिंतीवरची मेरीमाता दाखवत होतो आणि दुसऱ्या हाताने अभ्रा टोपलीत ठेवत होतो. आणि नेल्लो दुकानाचा एप्रन न काढताच कोपऱ्यावरून आला.

त्याने टोपली धरली. अभ्रा काढला, सोडला, आत बोट घातलं. विटेचा तुकडा उचलून उजेडात धरला. त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने अर्धी माती गटारात ओतली आणि त्यावर थुंकला. म्हणाला, "कोल्ह्यांनो, बायकांच्या पलंगाखाली शिरायला लागलात?" आणि पायरीवरची पोरं उठली.

मी भांडलो नाही, इल्दा. मी फक्त उरलेली पिशवी त्याच्याकडून परत घेतली. पण आमच्या आळीतली दोघं-तिघं मागून आली होती, मला माहीत नव्हतं, आणि मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. माझ्या पोटात गुडघा बसला. तुमच्या एकाने माझं डोकं धरून भिंतीवर आपटलं, दोनदा. एक स्विस म्हातारा मधे पडला आणि त्याचे पुढचे दात गेले. बायका किंचाळत नळाच्या बाजूला सरकल्या. त्या झटापटीत कुणीतरी पिशवी माझ्या हातातून हिसकावली आणि माती सांडून गेली. मी पाहुण्यांना ओढत वेशीपर्यंत आणलं. नेल्लो पडलेला मी पाहिला. त्याला फार लागलं नसावं, असा गडी सहज पडत नाही.

माझा ओठ फाटलाय, बाकी ठीक आहे. माती मी पुन्हा आणीन.

ओरेस्ते

*

१५ ऑगस्ट, सकाळ

ओरेस्ते,

माती आणू नकोस.

नेल्लोचा उजवा डोळा गेला. आज मेरीमातेचा सण आहे, सगळ्या घंटा वाजतायत, आणि डॉक्टर त्या आवाजात माझ्या आईला मोठ्याने सांगत होता की डोळा वाचणार नाही. चौघांनी त्याला उचलून वर आणलं तेव्हा त्याचा चेहरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. डॉक्टरने परातीत डोकं धरून डोळा धुतला. पाणी ओतत होता आणि माती निघत होती, लाल माती, आणि शेवटी चिमट्याने विटेची एक कपची काढली. नेल्लो ओरडला नाही. खुर्चीचा हात मात्र त्याने उपटून काढला.

आईने परात ओतायला उचलली तर म्हणाला, "राहू दे ती. ज्याची आहे त्याला परत द्यायचीय." तेव्हापासून ती माझ्या पलंगाखाली आहे.

आता नीट वाच. आपल्या दोन्ही आळ्या एकमेकींचा जीव घ्यायला टपलेल्या असतात, मी त्यातच वाढले, मला त्याची लाज नाही. जबडे मोडा, बरगड्या मोडा. पण हात रिकामा हवा. आजोबांच्या आजोबांपासून कुणी हातात काही घेऊन मारलं नाही, खिशातली किल्लीसुद्धा आधी बायकोकडे देतात. काल कुणीतरी ती पिशवी तुझ्या हातातून हिसकावली आणि विटांसकट माझ्या भावाच्या तोंडावर फिरवली. नेल्लो म्हणतो मागून आला, बघितलं नाही. तू तिथे होतास. तुझ्या हातातून घेतली म्हणजे तू पाहिलं आहेस.

त्या माणसाचं नाव मला हवं. आळीचे लोक आज संध्याकाळी चौकात जे करायचं ते करतील, ते मी थांबवू शकत नाही. पण हा एक माणूस मला वेगळा हवा. तुमच्या कप्तानासमोर त्याला उभा कर, त्याचा रुमाल काढून घ्यायला लाव.

ती पिशवी मी मागवली होती. हे इथे अजून कुणाला माहीत नाही. मला झोप येत नाही, आणि कालपासून कळ येते आणि जाते.

इल्दा

*

१६ ऑगस्ट, सकाळ

प्रिय इल्दा,

डोळ्याचं वाचून मी बराच वेळ जिन्यात बसलो होतो. झेलिंदा उत्तरासाठी थांबली होती, तिला मी दोनदा परत पाठवलं.

काल चौकात काय झालं ते तुला कळलंच असेल. सरावाचे घोडे आत गेले आणि तुमचे लोक एका बाजूने, आमचे दुसऱ्या बाजूने त्या मातीवर उतरले. ऊन अजून होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. घोषणा नाहीत, गाणी नाहीत, नुसता मुठींचा आवाज. आमच्या चांभाराचा हात कोपरातून उलटा वळला. तुमच्या एका पोराच्या तोंडावर आमचा एक जण बसला आणि मारत राहिला, त्याला ओढायला तीन माणसं लागली, त्यातला एक मी. मी काल कुणालाही मारलं नाही. तुमच्या लोकांनी मला ओळखलं आणि मी हात खाली सोडून उभा राहिलो. दोन बरगड्या गेल्या. श्वास घेताना आवाज येतो. मला वाटलं होतं की त्याने बरं वाटेल.

तू विचारलेलं नाव मला देता येत नाही. गर्दी होती. मी चौकशी करतो. तू आता ते मनातून काढ आणि स्वतःला सांभाळ, कळा येत असतील तर सुईणीला जवळ ठेव. पोर कुठल्या जमिनीवर येतंय ते मी आता विचारणार नाही.

नेल्लोला काही खाता येतं का? त्याला माझ्याकडून काही पाठवलं तर तो घेईल का?

तुझा,
ओरेस्ते

*

१८ ऑगस्ट

ओरेस्ते,

मुलगा झाला. परवा, शर्यतीच्या वेळी. तोफेचा आवाज झाला आणि सुईण खिडकीकडे धावली, मी तिच्या आईबापांचा उद्धार केला तेव्हा परत आली. उजेडाची खोली एकच, म्हणून नेल्लोला त्याच खोलीत खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. डोक्याला बँडेज, आणि तिथूनच मला शिव्या देत होता की जोर लाव, तुझ्यापेक्षा आमच्या दुकानातली गाय बरी. मी हसले आणि पोर बाहेर आलं. तुमचाही घोडा हरला, आमचाही हरला. बाहेर कुणीच गात नव्हतं, त्यामुळे त्याचं रडणं सगळ्या गल्लीने ऐकलं.

काल सकाळी तुझ्या एगलीबाई आल्या. पीचची टोपली घेऊन, घर विचारत विचारत. जखमी माणसाला बघायचं होतं. नेल्लोचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमचा वाटाड्या दिवसभर इतका सभ्य वागला. त्याने ती पिशवी दोन्ही हातांनी फिरवली तेव्हा मला वाटलं मी दुसऱ्याच माणसाकडे बघते आहे." त्यांना वाटलं आम्हाला माहीत आहे. त्यांनी बाळाबद्दल माझं अभिनंदनही केलं.

मागून आलेली दोघं-तिघं नव्हती. कुणी हिसकावली नाही. तू ती पत्रं लिहिलीस, तीन-तीन पानं, उंदीर आणि बुरूज घालून, आणि मी माझ्या भावाच्या उशाशी बसून ती वाचली.

त्या गेल्यावर मी नेल्लोकडे बघितलं. म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं. दोन डोळे होते ना." मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. म्हणाला, "तुझे दिवस भरले होते." एवढंच. तुझ्यापेक्षा जास्त विचार त्याने केला, आणि त्याला तर आम्ही बैल म्हणतो.

मग मी त्याला माझं सांगितलं. पिशवी मी मागवली होती. त्याने बँडेज चाचपलं. नंतर सूप मागितलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती परात पलंगाखालीच होती. माझ्या भावाच्या डोळ्यातून धुतलेली तुमची माती तळाशी बसली होती, आणि तिच्या बरोब्बर वर तुझा मुलगा जन्मला. सुईणीने सरकवलीही नाही. म्हणजे तुमच्या नियमाने तो तुमचा, आमच्या नियमाने आमचा. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

माहेरी आलेल्या सगळ्या बायका काल आपापल्या घरी परत गेल्या. मी येणार नाही.

इल्दा

*

१९ ऑगस्ट

इल्दा,

मी मारलं. तो थुंकला, आणि मला वाटलं तो पोरावर थुंकला. यापुढे त्यात काही नाही आणि मी काही जोडत नाही.

तुझं पत्र मिळताच कप्तानाकडे गेलो. आळीचे पाच म्हातारे बसले होते. मी उभा राहून सगळं सांगितलं. हातात पिशवी होती, पिशवीत विटा होत्या, समोरचा रिकाम्या हातांचा होता, माझा रुमाल घ्या. मी गळ्यातून काढून टेबलावर ठेवलाही. परातीचंही सांगितलं. माझ्या हातून काय झालं ते त्यांना पूर्ण कळावं म्हणून सांगितलं.

ते हसले, इल्दा. कप्तानाने उठून मला मिठी मारली, माझ्या मोडलेल्या बरगड्यांवर. म्हणाला, "म्हणजे आमची माती बगळ्यांच्या घरात पोचली, ती पण बगळ्याच्याच डोळ्यातून." दारूची पिंपं उघडली. गल्लीभर टेबलं मांडली आणि मला मधे बसवलं. माझ्या नावाचं गाणं केलंय, त्यात तुझ्या भावाचा डोळा आहे. पोरं मला हात लावून जातायत.

आणि आता त्यांनी ठरवलंय की येत्या रविवारी ढोल घेऊन तुमच्या दारात यायचं. मुलगा आमच्या मातीवर जन्मला, आमच्या कारंज्यावर त्याच्या डोक्यावर पाणी घालून त्याला आळीत घ्यायचं. दिला नाही तर घ्यायचा. मी म्हटलं, माझा मुलगा आहे, मी नको म्हणतो. कप्तान म्हणाला, "तुझं काम झालं, पोरा. आता हे आळीचं आहे."

पोराला घेऊन कुठेतरी जा. झेलिंदाकडे जा. नेल्लोला सांग.

ओरेस्ते

*

२० ऑगस्ट

ओरेस्ते,

मी चार दिवसांची बाळंतीण आहे, मी कुठेही जाणार नाही. नेल्लोला सांगितलं. तो म्हणाला मी दारात उभा राहतो. एका डोळ्याने तो त्यांना समोरून येताना बघेल, उजवीकडून आलेला बघणार नाही, आणि ते उजवीकडूनच येतील.

म्हणून तो उभा राहणार नाही. तू उभा राहा.

रविवारी ढोल वाजायच्या आधी आमच्या दाराच्या पायरीवर ये. आमच्या लोकांना मी सांगून ठेवलंय, येताना तुला कुणी हात लावणार नाही, आणि नंतर कुणी तुझ्या मदतीलाही येणार नाही. दाराकडे पाठ कर आणि तुझ्या लोकांकडे तोंड कर. हात खाली ठेव. तू म्हणतोस चौकात तसा उभा राहिला होतास, तर तुला येतं. तेव्हा मारणारे परके होते. आता तुझे असतील, तुझं गाणं म्हणणारे.

मी वर खिडकीत असेन. या वेळी मला कुणी आत ओढणार नाही.

मुलाला अजून नाव ठेवलेलं नाही.

इल्दा

*

२३ ऑगस्ट

कोल्हे आळीच्या कप्तानास,

मी लिहिणारा माणूस नाही आणि डॉक्टरने वाकायला मना केलंय, तेव्हा थोडक्यात लिहितो.

काल तुमचे तीसेक लोक ढोल घेऊन आमच्या दारात आले. पायरीवर तुमचाच माणूस उभा होता. तो फक्त एवढंच म्हणाला की मुलगा मिळणार नाही. तुमच्या माणसांनी त्याला पाडलं. तो उठला. पुन्हा पाडलं, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तो उठला नाही, त्याने गुडघ्यांवर बसून दार अडवलं, तेव्हा तुमच्यातल्या एकाने त्याच्या तोंडावर ढोलाची काठी घातली. हातात काठी घेऊन, रिकाम्या हातांच्या माणसाला. हे आता तुमच्याकडे चालायला लागलेलं दिसतं.

मी वरून बघत होतो. बहिणीने मला शपथ घातली होती की उतरायचं नाही. मी माझ्या आयुष्यात पुष्कळांना मारलंय, पण मार असा घेतलेला मी पाहिला नव्हता. आमच्या गल्लीतल्या बायका खिडक्यांत उभ्या होत्या आणि कुणी ओरडत नव्हतं. मग तुमचे ढोल वाजायचे थांबले. आधी एक, मग सगळे. ज्याच्या हातात काठी होती तो तिच्याकडे बघत राहिला. तुम्ही स्वतः तिथे होतात, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मान वळवलीत.

तुमचे लोक गेले आणि मी खाली उतरून त्याला खांद्यावर टाकून वर आणला. जबडा मोडलाय, डाव्या हाताची तीन बोटं गेली, बाकी डॉक्टर बघतोय. माझ्या पलंगावर झोपवलाय. बोलता येत नाही, म्हणून आमचं दोघांचं बरं चाललंय. एक बोलतो, एक बघतो, दोघांचा मिळून एक माणूस होतो. मी त्याला माफ केलेलं नाही. ते माझं मी बघीन, त्यात तुमचा संबंध नाही.

झेलिंदाबरोबर एक बरणी पाठवतोय. त्यात तुमची माती आहे, वाळवून दिली आहे. थोडं माझंही रक्त असेल, ते ठेवून घ्या. आमच्या घरात आता तुमचं काही उरलेलं नाही, त्यामुळे मागायला यायचं कारण नाही. आमच्या कप्तानालाही मी हेच सांगून आलोय. पाळण्याचा पांढरा-निळा रुमाल मी सोडला, आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. पोर चालायला लागलं की ज्या आळीत पाय नेतील तिकडे जाईल.

ओरेस्तेचे कपडे परतीच्या टोपलीत पाठवा. त्याला सैल शर्ट लागतील.

पोराचं नाव काल संध्याकाळी ठेवलं. बापाने पाटीवर लिहून दाखवलं, आईने मान डोलावली. ते तुम्हाला सांगायचं नाही, असं त्या दोघांनी ठरवलंय.

नेल्लो
बगळे आळी